सर्टिफिकेटांची फाईल आणि वीस चिठ्ठ्या

"मॅडम, अठरा वर्षं शिकवतोय आणि आता वाटतं, मला शिकवता येतच नाही." कॉलेजात शिकवणारे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा या ना त्या शब्दांत हेच बोलतात. त्यातल्या एका सरांची गोष्ट त्यांच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सर तालुक्याच्या गावातल्या अनुदानित कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. झोप लागत नाही म्हणून आले होते. हातात जाडजूड फाईल. तपासण्यांचे रिपोर्ट असतील म्हणून मी हात पुढे केला, तर आत प्लास्टिकच्या कव्हरांत एकेक सर्टिफिकेट: ओरिएंटेशन, रिफ्रेशर, एफडीपी, सगळी शिक्षकांसाठीची प्रशिक्षणं. लॉकडाऊनमधल्या वेबिनारचीच केवढी तरी.

"यातलं वर्गात काय वापरलंत?" मी विचारलं.

फाईलचं बटण लावत-उघडत ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "खरं सांगू? निम्म्या वेळा माईक बंद करून मी नॅकचे, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाचे, तक्ते भरत होतो. शेवटी फीडबॅकच्या फॉर्मची लिंक येते, तेवढी चुकवायची नाही."

यात त्यांना काय बोलणार? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत बढतीसाठी हे कोर्स लागतातच. पहिल्याच टप्प्याला २१ दिवसांचं ओरिएंटेशन. आठवड्याचे १६ तास शिकवून झाल्यावर परीक्षा, प्रवेश, समित्या उरतातच. त्यात नव्या शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम बदलले आणि सरांच्या वाट्याला भारतीय ज्ञानप्रणालीचा, म्हणजे परंपरागत भारतीय ज्ञानाचा, पेपर आला. "मुलांना शिकवायच्या आदल्या रात्री मी वाचतो," असं हसत म्हणाले खरे, पण ते हसू काही खरं नव्हतं.

बढतीची काळजी आणि वर्गाची काळजी यांचा एकच गुंता झाला होता. झोपेसाठी डॉक्टरांकडे पाठवलं. बढतीसाठी कुठला कागद कमी आहे याची यादी करायला एक रविवार ठरवला; निघाले फक्त दोन. वर्गाचं मात्र निस्तरायला वेळ लागला.

मी एवढंच सुचवलं: तास संपताना मुलांकडून बिननावाची चिठ्ठी घ्या, आज कुठे अडलं?

"टिंगल करतील हो."

"करू देत."

पुढच्या वेळी वीस चिठ्ठ्या घेऊन आले. दोन टिंगलीच्या होत्याच. अकरा चिठ्ठ्यांवर मात्र जवळजवळ एकच वाक्य होतं: सर, स्लाइड लवकर पुढे जाते, लिहून होत नाही.

तीन वर्षांपूर्वी एका कार्यशाळेहून आल्यावर सरांनी सगळा पोर्शन इंग्रजी स्लाइडवर चढवला होता. समोरची बहुतेक मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. म्हणजे सुधारायला गेले आणि तिथेच वर्ग सुटला. मला हे फार बोलकं वाटतं.

"आधी कसं शिकवायचात?"

त्यांनी माझं पॅड ओढून घेतलं आणि उसाच्या पानाचा छेद काढायला लागले. मधे शीर, तिच्याभोवती मोठ्या पेशींचं कडं, त्याबाहेर दुसरं. "याला क्रान्झ रचना म्हणतात. जर्मनमध्ये क्रान्झ म्हणजे फुलांचं कडं. ऊस, मका, ज्वारी, सगळी सी-फोर, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाची वेगळी पद्धत असलेली. पोरांच्या रानातच आहे सगळं! मी रंगीत खडूने काढायचो. माझा हात चालायचा तोवर त्यांचाही चालायचा." त्या तासाभरात पहिल्यांदाच त्यांचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं.

स्लाइड टाकून द्या, असं मी म्हटलं नाही. पर्णरंध्रं उघडताना-मिटताना दाखवणारा व्हिडिओ फळ्यावर कसा येणार? तो ठेवला, आकृत्या फळ्यावर परत आल्या. शिवाय मराठी विभागातल्या एका मॅडमना महिन्यातून एकदा शेवटच्या बाकावर बसायला बोलवायचं ठरलं. त्यांना विषय कळत नाही, हाच फायदा. शेरा नाही, फॉर्म नाही. तास सुटल्यावर चहा पिताना सांगायचं, कुठे कंटाळा आला ते.

"याचं सर्टिफिकेट मिळेल का?" सरांनी विचारलं. या वेळचं हसू खरं होतं.

ज्ञानप्रणालीच्या पेपरची धाकधूक अजून आहे. झोप बरी आहे, रोज नाही. परवा चिठ्ठ्यांच्या दुसऱ्या गठ्ठ्याचा फोटो पाठवला. सगळ्यात वरची चिठ्ठी: सर, अक्षर जरा मोठं काढा.