शरीर जर इंजिन असेल, तर ते ३७ अंशांवर चालतं कसं?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिला: शरीर अन्न ‘जाळतं’ असं आपण शाळेपासून ऐकतो, इंजिनात त्यासाठी शेकडो अंश तापमान लागतं, मग ३७ अंशांच्या उष्णतेवर स्नायू कसे चालतात? दुसरा: भिंत जोर लावून ढकलली आणि ती जागची हलली नाही, तर भौतिकशास्त्राच्या हिशेबाने काम शून्य, तरी आपण दमतो, मग ती ऊर्जा गेली कुठे?

पहिल्याचं उत्तर आधी सांगून टाकते. उष्णता स्नायूंना चालवतच नाही. शरीरात उष्णता आहे, भरपूर आहे, पण ती शेवटी उरणारी गोष्ट आहे. इंजिनात ती मधली पायरी असते. मी जीवभौतिकी शिकवते, आणि हा एक फरक नीट कळला की बाकीचं बरंच आपोआप सुटतं असा माझा अनुभव आहे.

‘जाळणं’ हा शब्द उगाच आलेला नाही. १७८२-८३च्या हिवाळ्यात लव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं. किती बर्फ वितळलं ते मोजलं, प्राण्याने किती कार्बन डायऑक्साइड सोडला तेही मोजलं, आणि तेवढाच वायू कोळसा जाळून मिळवताना किती बर्फ वितळतं त्याच्याशी ताडून पाहिलं. आकडे बऱ्यापैकी जुळले. श्वसन म्हणजे संथ ज्वलन, हा निष्कर्ष त्यातूनच निघाला. हिशेब म्हणून तो आजही खरा आहे: १ ग्रॅम ग्लुकोज ज्योतीत जाळा नाहीतर पेशीत वापरा, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होईपर्यंत एकूण सुमारे १५.६ किलोज्यूलच सुटतात. फरक आहे तो वाटेत.

आता उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनाचा नियम बघा. कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली दाखवलं की अशा इंजिनाला दोन तापमानं लागतात, एक गरम बाजू आणि एक थंड बाजू, आणि उष्णतेचा किती भाग कामात बदलेल याची कमाल मर्यादा त्या दोन तापमानांवरच ठरते. सायकल चालवताना स्नायूंची कार्यक्षमता साधारण २० ते २५ टक्के भरते. थंड बाजू ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३१० केल्विन धरली, तर २५ टक्के मिळवायला गरम बाजू किमान ४१३ केल्विन हवी. म्हणजे १४० अंश सेल्सिअस! स्नायूत कुठेही १४० अंश नसतात. तिथली प्रथिनं त्याच्या कितीतरी आधीच निकामी होतील. पेशीच्या आत तर सगळीकडे जवळपास एकच तापमान असतं, आणि एकाच तापमानावर उष्णतेतून काम काढताच येत नाही. त्यामुळे स्नायू हे उष्णतेचं इंजिन असूच शकत नाही. हा युक्तिवाद मला फार आवडतो, कारण त्यासाठी पेशीत डोकावावंसुद्धा लागत नाही.

मग पेशी करते काय? ती इंधन आणि ऑक्सिजन यांची थेट गाठ पडूच देत नाही. अन्नाच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात आणि मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या, आतल्या पटलात बसवलेल्या प्रथिनांच्या साखळीतून एकेक पायरी खाली उतरवले जातात. अगदी शेवटच्या पायरीवर ऑक्सिजन ते घेतो आणि त्याचं पाणी होतं. वरपासून खालपर्यंतचा हा उतार सुमारे १.१ व्होल्टचा आहे. इंजिनापेक्षा हे इंधन न जाळता थेट वीज बनवणाऱ्या इंधन-घटाच्या, म्हणजे फ्युएल सेलच्या, कितीतरी जवळचं आहे.

प्रत्येक उताराला जी ऊर्जा सुटते ती प्रोटॉन पटलाबाहेर ढकलण्यात खर्च होते. बाहेर प्रोटॉन साठतात, आत कमी पडतात, आणि पटलावर साधारण ०.१५ व्होल्टचा विद्युतदाब तयार होतो. हा आकडा किरकोळ वाटतो. पण पटलाची जाडी आहे जेमतेम ५-६ नॅनोमीटर. भागाकार करा: मीटरला जवळजवळ ३ कोटी व्होल्ट. कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट पुरतात. तुम्ही हे वाचताय तेव्हा त्याच्या दहापट तीव्र विद्युतक्षेत्र तुमच्या पेशीपेशींत आहे. पीटर मिचेलने ही कल्पना १९६१ साली मांडली तेव्हा अनेकांना ती पटली नव्हती. १९७८ साली त्याला तिच्यासाठी नोबेल मिळालं.

अडवलेले हे प्रोटॉन एकाच वाटेने आत येतात, धरणाचं पाणी टर्बाइनमधून यावं तसे. इथली टर्बाइन म्हणजे एटीपी सिंथेज नावाचं प्रथिन, आणि ते खरोखर फिरतं. एटीपी हा पेशीतली बहुतेक कामं चालवणारा छोटा रेणू, तो इथे बनतो. सस्तन प्राण्यांत ८ प्रोटॉन आत आले की त्याचा एक फेरा पूर्ण होतो आणि एटीपीचे ३ रेणू बाहेर पडतात. हे फिरणं बरीच वर्षं अनुमानच होतं. १९९७ साली जपानी शास्त्रज्ञांनी या प्रथिनाचा एटीपी बनवणारा भाग काचेवर उलटा चिकटवला, त्याच्यातल्या फिरत्या दांड्याला ॲक्टिन या स्नायूतल्या प्रथिनाचा चमकणारा तंतू जोडला आणि एटीपी घातलं. तंतू सूक्ष्मदर्शकाखाली गोल फिरू लागला, आणि नेहमी एकाच दिशेने. पुढच्या प्रयोगांत तर १२० अंशांचे वेगवेगळे टप्पेही दिसले. रेणू इतक्या उघडपणे यंत्रासारखा वागताना पाहणं, यापेक्षा सुंदर दृश्य माझ्या विषयात मला माहीत नाही.

हे एटीपी साठवून ठेवण्यासाठी नसतंच. कोणत्याही क्षणी शरीरात ते जेमतेम ५०-१०० ग्रॅम असतं, पण तेच तेच रेणू पुन्हा पुन्हा तयार होऊन वापरले जातात, इतके की दिवसभराची बेरीज जवळपास स्वतःच्या वजनाएवढी भरते. एक गैरसमज मात्र बऱ्याच पाठ्यपुस्तकांनीच पसरवला आहे: एटीपीचा ‘ऊर्जेने भरलेला बंध’ तुटतो आणि ऊर्जा सुटते. कुठलाही बंध तोडायला ऊर्जा लागतेच. पाण्याशी अभिक्रिया होऊन जे पदार्थ बनतात ते जास्त स्थिर असतात, आणि पेशी एटीपीचं प्रमाण समतोलापासून खूप दूर राखते, म्हणून त्यातून काम काढता येतं.

ग्लुकोजच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने ४० टक्के एटीपीपर्यंत पोहोचते. स्नायू त्यातली निम्मी कामात उतरवतो. पायडलवर १०० वॅट दिसत असतील तर शरीर आत ४०० ते ५०० वॅट खर्च करत असतं, बाकीची उष्णता. स्वस्थ बसलात तर जवळपास सगळीच उष्णता: दिवसाला २००० किलोकॅलरी म्हणजे सरासरी ९७ वॅट.

कधीकधी शरीर हे धरण मुद्दाम गळू देतं. तान्ह्या बाळांच्या तपकिरी चरबीत प्रोटॉनना टर्बाइन चुकवून आत येऊ देणारं एक प्रथिन असतं, त्याने बाळ उबदार राहतं. हीच गळती डायनायट्रोफिनॉल नावाचं रसायन सगळ्या शरीरात घडवतं. १९३०च्या दशकात ते वजन कमी करायला दिलं गेलं आणि माणसं अंग तापत जाऊन मेली. आजही ते ऑनलाइन विकलं जातं. त्याला उतारा नाही. कोणी सुचवलं तर कृपा करून हातसुद्धा लावू नका.

आता भिंत. टेबल पुस्तक उचलून धरतं त्याला काहीच खर्च नाही, कारण त्याचे अणू आपापल्या जागी नुसते बसलेले असतात. स्नायूला तसं धरून ठेवता येत नाही. मायोसिन या स्नायूतल्या दुसऱ्या प्रथिनाचे असंख्य रेणू ॲक्टिनच्या तंतूला पकडतात, ओढतात, सोडतात, परत पकडतात. प्रत्येक वेळी एक एटीपी जातो. त्यात आकुंचनाचा संकेत देणारं कॅल्शियम सतत त्याच्या साठ्यात परत खेचावं लागतं, त्याचाही खर्च असतोच. भिंत हलली नाही म्हणून बाहेरचं काम शून्य, पण आत हे रेणू अखंड राबत असतात आणि त्यांची सगळी मेहनत शेवटी उष्णता होते. शिंपल्यांनी मात्र यावर तोड काढली आहे: कवच मिटून धरणारा त्यांचा स्नायू एकदा आवळला की मायोसिन तसंच अडकून राहतं, आणि तासन्‌तास अगदी नाममात्र एटीपीवर तो तसाच आवळलेला राहू शकतो.