बांधावरचा साग: घनफूट कमी का भरतं?

भोर आणि मावळ भागातून एकाच आशयाचे प्रश्न आले आहेत. "बांधावरचा पंधरा वर्षांचा साग विकायला काढला. व्यापाऱ्याने आमच्या हिशेबापेक्षा कमी घनफूट धरलं, वर दरही पाडला. देशात लाकडाची टंचाई असताना असं का?"

टंचाई खरी आहे. 2023 च्या वनस्थिती अहवालानुसार देशाचं वनाच्छादन 21.76 टक्के आहे, पण ते सगळं तोडण्यासाठी नाही. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मंजूर कार्य आयोजना (जंगलाच्या व्यवस्थापनाचा सरकारी आराखडा) नसेल तर जंगलतोडीला मनाई केली. विदर्भातल्या बल्लारशा, आलापल्लीचा जुना साग आजही लिलावात निघतो, पण गरजेच्या मानाने थोडा. म्यानमारने 2014 पासून सागाचे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं, तेव्हा आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा साग आपल्याकडे वाढला. तुमच्या बांधावरच्या सागाची गाठ या मालाशी आहे, आलापल्लीच्या जुन्या सागाशी नाही.

आता मोजमाप. पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात ओंडक्याचा घेर मध्यावर, साल वगळून घेतात. तुम्ही मोजला असेल बुंध्याशी, सालीसकट. पहिला फरक तिथेच पडतो. पुढे घेराचा चौथा भाग काढून त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं, ही व्यापाराची जुनी रीत. समजा घेर 3 फूट, लांबी 10 फूट. चौथा भाग पाऊण फूट, म्हणून 5.62 घनफूट. गोल ओंडक्याचं खरं घनफळ सुमारे 7.16 भरतं. म्हणजे ही रीतच शंभरातले साडेएकवीस सोडून देते, कारण गोल लाकूड कापताना कडेच्या फळ्या वाया जातात. ही फसवणूक नव्हे, पण दर ठरवताना मोजणीची रीत आधी विचारा. स्वतःचा टेप न्या आणि प्रत्येक नग वहीत लिहा.

याच हिशेबात तुमचा फायदाही दडलेला आहे. तोच ओंडका 4 फूट घेराचा झाला, तर 10 घनफूट भरतो. घेर एक फुटाने वाढला आणि माल जवळपास दुप्पट झाला! शिवाय कोवळ्या सागात बाहेरचं पांढरं लाकूड जास्त असतं. त्याला वाळवी लागते. सुताराला हवा असतो तो आतला तांबूस गाभा, आणि तो वयाबरोबरच वाढतो. दर पडला तो यामुळे. घरात लग्न किंवा दवाखान्याची निकड नसेल, तर उरलेली झाडं उभी ठेवा, ही माझी कळकळीची विनंती.

ज्यांनी 2 मीटर अंतरावर दाट लावलं आहे, त्यांनी मात्र पाचव्या ते सातव्या वर्षी वाकडी, दबलेली झाडं काढलीच पाहिजेत. जीव होत नाही, हे मला समजतं. पण सगळी ठेवली, तर सगळीच काठीसारखी राहतात. बाजूच्या फांद्या कोवळ्या असतानाच खोडालगत छाटा. उशीर झाला, तर फळीत गाठ येते.

तोडण्याआधी परवानगी हवीच, विरळणीसाठीसुद्धा. 1964 च्या वृक्षतोड कायद्यात साग आहे, तसेच आंबा, चिंच, जांभूळ, हिरडा, खैरही आहेत. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे करा, सोबत सातबारा जोडा. झाडांची नोंद सातबाऱ्यावर नसेल, तर काम तिथेच अडतं. म्हणून ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं आजच भरा. झाड सामाईक बांधावर असेल, तर शेजाऱ्याची लेखी संमती घ्या.

"नव्याने काय लावू?" असं मुळशीच्या एका ताईंनी विचारलं आहे. डोंगरउताराची, पाण्याचा निचरा होणारी जमीन असेल, तर माणगा बांबू लावा. 5 बाय 5 मीटरवर एकरी साधारण 160 रोपं बसतात. भारतीय वन कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू कायद्याने झाड मानला जात नाही. पावसाळ्यात तोड करू नका. कोवळे कोंब राखा आणि तीन वर्षांवरचे बांबूच काढा.