मिलिटरी डेपोत सिव्हिलियन म्हणून लागलेली तरुण पोरं वर्ष-दोन वर्षांत सोडून जातात, त्यांना टिकवायचं कसं?

प्रमोशन कधी आणि घराजवळ बदली कधी, ह्या दोन गोष्टी जॉइन होतानाच स्पष्ट दिसल्या तर बरीच पोरं थांबतात. मी अशाच एका ऑफिसात एस्टॅब्लिशमेंटला (कर्मचाऱ्यांच्या नोकरीची कागदपत्रं बघणारा सेक्शन) आहे, राजीनामे माझ्याच टेबलावरून जातात. एसएससीतून (स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेतून) एलडीसी, म्हणजे खालच्या श्रेणीचा क्लार्क, लागलेला ग्रॅज्युएट सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेव्हल २ ला, म्हणजे १९,९०० बेसिकवर सुरू होतो, आणि प्रमोशन नाही मिळालं तर एमएसीपीने (प्रमोशन नसेल तर ठरावीक वर्षांनी पगाराची वरची लेव्हल देणारी योजना) १० वर्षांनी जातो कुठे तर लेव्हल ३ ला, मग तो जेवणाच्या सुट्टीत सीजीएलचे (एसएससीचीच, वरच्या पोस्टसाठीची ग्रॅज्युएट लेव्हलची परीक्षा) पेपर सोडवत बसणार नाहीतर काय करणार! त्यात युनिफॉर्मवाल्यांची पेन्शन आणि मिलिटरी सर्व्हिस पे आपल्याला नाही, २००४ नंतरच्यांना एनपीएस (पगारातून कापून बाजारात गुंतवली जाणारी पेन्शन), शिस्त मात्र तीच.

ऑफिसच्या हातात असलेल्या गोष्टी:
- सीनियॉरिटी लिस्ट आणि यूडीसीची (एलडीसीच्या वरची क्लार्कची पोस्ट) डिपार्टमेंटल परीक्षा वेळेवर, फाइल धूळ खात नको
- बाहेरगावच्या पोराला क्वार्टर लवकर
- कॉम्प्युटर येतो म्हणून चार सेक्शनचं काम एकट्याच्या गळ्यात नको (हे सर्रास चालतं)

दुसऱ्या नोकरीला अर्ज करायची एनओसी अडवून कोणी थांबत नाही, उलट मन उडतं. रीतसर परवानगीने अर्ज केला तर टेक्निकल रेझिग्नेशन देऊन जुनी सर्व्हिस धरली जाते, हेही नीट सांगावं. फक्त एक, ज्याची इन्कम टॅक्स इन्स्पेक्टर म्हणून लेव्हल ७ ला, ४४,९०० बेसिकवर निवड झाली त्याला ह्यातलं काहीही करून थांबवता येणार नाही.