40 टक्के नाहीत, मग जादा वेळ मिळणारच नाही का?

प्रश्न: ताई, मी कोल्हापुरात बीएस्सी सेकंड इयरला आहे. जन्मापासून उजव्या हाताची बोटं आखडतात, अर्धं पान लिहिलं की पेन धरवत नाही. सर्टिफिकेटवर 30 टक्के आहेत. इंटर्नलला जादा वेळ मागितला तर सर वर्गासमोरच म्हणाले, 40 टक्के नाहीत तर तुला काही लागू होत नाही आणि एकीला दिला की सगळीच मागणार. जर्नल पण हातानंच लिही म्हणतात. एचओडी मॅडम म्हणतात सरांनाच विचार, आणि घरचे म्हणतात सरांशी वाकडं घेऊ नको, मार्क त्यांच्या हातात आहेत. काय करू?

उत्तर: वर्गासमोर असं बोलले हे वाचून फार वाईट वाटलं गं. आणि सरांचं म्हणणं बरोबरही नाहीये. 40 टक्क्यांची अट राखीव जागांसारख्या गोष्टींना आहे, पण लिहायला त्रास होतो म्हणून वेळ मागायला ती नाही. विकास कुमार नावाच्या उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता, दिव्यांगत्व फक्त 6 टक्के, यूपीएससीनं लेखनिक (त्याच्या वतीनं पेपर लिहिणारा) नाकारला आणि फेब्रुवारी 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला, 40 टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही असं स्पष्ट सांगितलं. त्यानंतर 10 ऑगस्ट 2022 ला केंद्र सरकारनं 40 टक्क्यांखालच्यांसाठी वेगळ्या गाइडलाइन्स काढल्या, त्यात तासाला निदान 20 मिनिटं जादा वेळ होता, आणि 2025 मध्ये त्यांच्या जागी नव्या गाइडलाइन्स आल्या.

पण एक अडचण तुझ्या बाजूनंही आहे, तुझं टक्केवारीचं सर्टिफिकेट त्याला पुरत नाही. लिहायला अडचण आहे असं सरकारी मेडिकल बोर्डाचं वेगळं सर्टिफिकेट लागतं, त्याचा नमुना आताच्या गाइडलाइन्समध्ये बघ, तो प्रिंट काढून सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये घेऊन जा आणि चौकशी कर. ते हातात येईपर्यंत थांबू मात्र नको.

आता सरांना तोंडी विचारणं बंद. अर्ज लिही, तो प्राचार्यांच्या नावानं आणि प्रत परीक्षा विभागाला. त्यात सरांचं नावसुद्धा नको, म्हणजे ही तक्रार होत नाही, मागणी होते, आणि घरच्यांची भीतीही जरा कमी होईल. 'सहकार्य करावे' असलं गोलमाल लिहू नको, सरळ लिही, तासाच्या टेस्टला 20 मिनिटं जादा, जर्नल टाइप करून द्यायची परवानगी, हात चालेना झाला तर लेखनिक. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 17 नमूद कर, जादा वेळ आणि लेखनिक दोन्ही त्यात नावानिशी आहेत. ऑफिसमध्ये देताना आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय काउंटर सोडू नको, क्लार्क म्हणेल ठेवून जा, तरी नाही.

उत्तर आलं नाही तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीत कोण आहे ते लेखी विचार, यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार कॉलेजला ती नेमावीच लागते. तिथंही हललं नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, सोबत त्या शिक्क्याच्या प्रती लाव.

इंटर्नल जवळ आली असेल तर सीपीआरच्या आधी अर्ज दे, सर्टिफिकेट नंतर जोडते असं त्यातच लिही.