औषधांचं ॲप काउंटरच्या कॉम्प्युटरवर: आधी ब्राउझर, मग फोन, इम्युलेटर सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या दवाखान्याच्या फार्मसीत रात्रपाळी असते. औषधं एकमेकांना बाधतात का (इंटरॲक्शन) आणि डोस किती, ते बघायला मोबाईलवर ॲप आहे, पण काउंटरवर फोन हातात घेतला की समोरचा नातेवाईक म्हणतो, "मालक, मोबाईल नंतर बघा की, पेशंट वर तळमळतोय." स्क्रीनही लहान. म्हणून तेच ॲप बिलिंगच्या कॉम्प्युटरवर चालवायचंय. मशीन विंडोज १०, रॅम ४ जीबी. ब्लूस्टॅक्स, म्हणजे कॉम्प्युटरवर अँड्रॉइड चालवणारा इम्युलेटर, टाकू का?

बिलिंगच्या मशीनवर टाकू नका. घरच्या लॅपटॉपवर हवं तर खुशाल टाका. ४ जीबीत विंडोज, बिलिंगचं सॉफ्टवेअर आणि अँटिव्हायरस बसल्यावर उरतंच किती? त्यात आख्खं अँड्रॉइड कोंबायचं म्हणजे टॉवेलच्या मागावर चादर विणायला घेण्यासारखं आहे. सकाळी ओपीडीची रांग दाराबाहेर गेलेली असताना बिलाची खिडकी गोठली, तर कोण कोणाला काय बोलेल ते तुम्हाला माहीतच आहे.

आधी एक सावधगिरी. ॲपच्या नावापुढे 'फॉर पीसी' लिहून शोधलं की पानंच्या पानं येतात. बहुतेक ठिकाणी तोच मजकूर फिरवलेला असतो: इम्युलेटर उतरवा, त्यात प्ले स्टोअर उघडा, ॲप टाका. म्हणजे ॲपची वेगळी पीसी आवृत्ती तिथे नसतेच. एखादं पान ॲपच्या नावाची थेट ईएक्सई, म्हणजे विंडोजवर चालणारी, फाइल देत असेल, तर ती मूळ कंपनीची नाही असं धरूनच चाला. 'मॉड' किंवा 'प्रीमियम अनलॉक्ड' एपीकेचंही (अँड्रॉइड ॲपच्या फाइलचंही) तेच. गेममध्ये फुकटची नाणी मिळवायला पोरं असलं काही टाकतात, त्यांचं ते जाणोत. पण कुणीतरी उसवून परत शिवलेल्या ॲपवर व्हॅन्कोमायसिनसारख्या जपून द्यायच्या अँटिबायोटिकचा डोस बघायचा? मी नाही बघणार. जुन्या व्हिडिओंत 'विंडोज ११ मध्येच अँड्रॉइड ॲप चालतात' असंही दाखवतात. ती सोय मायक्रोसॉफ्टनं ५ मार्च २०२५ पासून बंद केली आहे, त्यामागे वेळ घालवू नका.

आता पहिला रस्ता. ॲपची वेबसाइट आहे का ते बघा. हे इतकं साधं आहे की कुणी सुचवतच नाही. मेडस्केपचा इंटरॲक्शन चेकर ब्राउझरमध्ये चालतो. संस्थेनं मायक्रोमेडेक्स किंवा लेक्सिकॉम्प (आताचं नाव यूपटूडेट लेक्सिड्रग) अशी औषधमाहितीची विकतची सेवा घेतली असेल, तर तीही ब्राउझरमध्ये चालते. सरकारी दवाखान्यांत साठ्यासाठी वापरतात ते ई-औषधी तर ब्राउझरमध्येच चालतं. क्रोम किंवा एजच्या मेन्यूतून ती साइट 'ॲप म्हणून इन्स्टॉल' करता येते. मग ती वेगळ्या खिडकीत उघडते आणि टास्कबारवर आयकॉन बसतो. विंडोजचं बटण आणि डावा-उजवा बाण दाबून अर्ध्या स्क्रीनवर बिल, अर्ध्यावर औषधाची माहिती लावा. नातेवाईकाला तुम्ही कॉम्प्युटरवर काम करताना दिसता, भांडण तिथेच मिटतं.

बिलिंगच्या मशीनला इंटरनेट नसतं, ही अडचण बऱ्याच ठिकाणी आहे. पण आयटीवाल्यांकडे 'सॉफ्टवेअर टाकू द्या' म्हणून गेलात तर ते दारातूनच परत पाठवतात, आणि 'या दोन-तीन साइट तेवढ्या उघडू द्या' म्हटलं तर ऐकून घेतात. पत्रावर फार्मसी इन्चार्जची सही घ्या आणि साइटचे पूर्ण पत्ते लिहा.

दुसरा रस्ता मला स्वतःला सगळ्यात पटलेला आहे: ॲप फोनवरच राहू द्यायचं, फक्त फोनची स्क्रीन कॉम्प्युटरवर आणायची आणि कीबोर्ड-माऊसनं चालवायची. यासाठी एस-सी-आर-सी-पी-वाय अशा अक्षरांचं, 'स्क्रीन कॉपी' असं वाचायचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, जेनीमोबाईल कंपनीचं. जाहिराती नाहीत, खातं काढायला लागत नाही, फोन रूट करावा लागत नाही, फोनमध्ये काही इन्स्टॉलही करावं लागत नाही. अँड्रॉइड ५ किंवा पुढचं चालतं. कॉम्प्युटरवर त्याचं फोल्डर उलगडून ठेवलं की झालं, आणि भार इम्युलेटरपेक्षा खूपच कमी, त्यामुळे ४ जीबीतही भागतं. मात्र गिटहबवरच्या त्यांच्या मूळ पानावरूनच उतरवा. याच नावानं दुसऱ्या साइट आहेत, आणि त्यांच्यापासून सावध राहा असं खुद्द बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलं आहे.

फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर ७ वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स दिसू लागतात. त्यात यूएसबी डीबगिंग चालू करा, वायर लावा, फोन परवानगी विचारेल ती द्या. शाओमी-रेडमीचा फोन असेल तर स्क्रीन दिसते पण माऊस-कीबोर्ड काही करत नाही, आणि मग लोक सॉफ्टवेअरला शिव्या घालतात. तिथे 'यूएसबी डीबगिंग, सिक्युरिटी सेटिंग्ज' असा दुसरा खटका आहे, तोही चालू करायचा. एकदा जोडणी झाली की डावं ऑल्ट आणि ओ दाबा. फोनची स्वतःची स्क्रीन बंद होते, कॉम्प्युटरवर चालूच राहते.

याचे काटेही सांगतो. डीबगिंग चालू असताना काही बँकांची ॲप उघडायलाच नकार देतात. काही ॲप सुरक्षेसाठी स्क्रीन बाहेर जाऊ देत नाहीत, कॉम्प्युटरवर नुसता काळा चौकोन दिसतो. ती सोय ॲपवाल्यानंच ठेवलेली असते, तिला वळसा घालायला जाऊ नका. आणि स्वतःचा फोन लावलात तर घरच्या ग्रुपवरचे मेसेज काउंटरच्या स्क्रीनवर झळकतील. म्हणून विभागाचा एक वेगळा फोन किंवा साधा टॅब असावा, सिम नसलं तरी चालेल. खरं तर टॅब मिळालाच, तर तो स्टँडवर उभा करून ब्लूटूथ कीबोर्ड जोडला की कॉम्प्युटरची गरजही उरत नाही. दवाखान्यानं यूएसबी पोर्ट बंद केलेले असतील तर हाच मार्ग. काम झाल्यावर डीबगिंग बंद करायचं, दुसऱ्याच्या मशीनवर तर नक्कीच.

इम्युलेटर तिसरा. घरी लॅपटॉपवर अभ्यासाला, ड्रग मोनोग्राफ निवांत वाचायला तो चांगला आहे. ब्लूस्टॅक्स ५ ला किमान ४ जीबी रॅम सांगतात, पण ८ च्या खाली मजा नाही. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू, तिथे 'व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड' दिसतंय का ते आधी बघा. नसेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम मोड चालू करावा लागतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला घातलेलं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवूनच बायोसला हात लावा. दवाखान्याच्या मशीनवर ही उठाठेव करू नका म्हणतो ती यासाठीही. प्ले स्टोअर 'तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही' म्हणालं तर ब्लूस्टॅक्सच्या इन्स्टन्स मॅनेजरमधून अँड्रॉइडची दुसरी आवृत्ती घेऊन बघा. तरीही उघडलं नाही तर ॲप इम्युलेटर ओळखून अडतंय, सोडून द्या. इम्युलेटर बंद असेल तेव्हा त्यातल्या ॲपचा डेटाही अपडेट होत नाही, सूचनाही येत नाहीत, म्हणून उघडल्यावर डेटाबेसची तारीख बघायची सवय लावा. आणि उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर गेला की वीज जाणारच. इम्युलेटर चालू असताना मशीन धाडकन बंद पडलं तर त्याची डिस्क बिघडू शकते, मग ऑफलाइन डेटासकट सगळं पहिल्यापासून. यूपीएस नसेल तर नादी लागू नका. ॲपलचा एम१ किंवा पुढचा मॅक असेल तर आयफोन-आयपॅडची काही ॲप ॲप स्टोअरवरून थेट चालतात, पण आपल्याकडे काउंटरवर मॅक कुठला!

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ते. फोनवर आपण अंगठ्यानं हळू टाइप करतो आणि यादीतलं नाव बघून निवडतो. कीबोर्डवर हात वेगानं चालतो. पहिली पाच-सहा अक्षरं मारली, एंटर दाबला, यादीत सगळ्यात वर असलेलं औषध आत. 'हायड्रॉक्सी' एवढंच टाइप केलं तर खाली हायड्रॉक्सिझिन, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, हायड्रॉक्सीयुरिया तिन्ही उभी असतात. खाज, लूपस आणि रक्ताचा कॅन्सर, एका एंटरच्या अंतरावर. म्हणून निवड माऊसनं करा, आणि निकाल वाचण्याआधी वर भरलेली नावं प्रिस्क्रिप्शनशी ताडून बघा.

त्याच वेळी नावं मोजायचीसुद्धा. आपल्याकडे रोज जाणारी सिल्निडिपिन, टेनेलिग्लिप्टिन, असेक्लोफेनॅक, इटोरिकॉक्सिब ही औषधं अमेरिकेत मंजूर नाहीत. तिकडच्या ॲपमध्ये ती सापडत नाहीत किंवा माहिती तुटपुंजी असते. तुम्ही पाच भरायला गेलात आणि ॲपनं चारच घेतली, तर 'इंटरॲक्शन नाही' हे उत्तर चार औषधांचं आहे. पाचव्याबद्दल ते काहीच बोललेलं नाही. फिक्स्ड डोस कॉम्बिनेशन (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) असेल तर प्रत्येक घटक वेगळा भरा. अक्कलकोट, इंडी, विजयपूरकडून आलेल्या पेशंटच्या जुन्या कागदावर आपल्या काउंटरला अनोळखी ब्रँड असतात. तिथे ब्रँड टाकून शोधू नका, स्ट्रिपवरचा घटक वाचून टाका. भारतीय डोससाठी इंडियन फार्माकोपिया कमिशनची नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया जवळ असू द्या.

कॅल्क्युलेटर वापरणार असाल तर नव्या मशीनवर एक ओळखीचं गणित आधी घाला. वय ६०, वजन ६० किलो, क्रिएटिनिन १.० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट या किडनीचं काम मोजायच्या सूत्रानं पुरुषाचा क्लिअरन्स मिनिटाला सुमारे ६६.७ मिली, बाईचा ५६.७ यायला पाहिजे. भलतंच काही आलं तर वजन पौंडात किंवा क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये धरलेलं असतं. १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर, एवढं लक्षात असलं तर घोळ कुठे झाला ते पटकन कळतं. इंटरॲक्शनची चाचणी वॉरफरिन आणि मेट्रोनिडॅझोल टाकून करा. गंभीर इंटरॲक्शनचा इशारा आला नाही तर त्या ॲपवर विसंबू नका.

पेशंटचं नाव, केस नंबर, फोन नंबर यातल्या कुठल्याच ॲपमध्ये भरायचं नाही. वय, वजन, क्रिएटिनिन पुरेसं आहे. वैयक्तिक गुगल खातं कॉमन मशीनवर उघडं ठेवू नका, पाळी संपली की लॉगआउट. औषधाची रिॲक्शन कळवायची असेल तर मोबाईल ॲप कॉम्प्युटरवर आणायची गरजच नाही. पीव्हीपीआय या औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यक्रमाचं एडीआरएमएस पोर्टल ब्राउझरमध्ये उघडतं, आणि १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री नंबर आहेच.

राहिला स्कॅनिंगचा मुद्दा. ॲपमध्ये कॅमेऱ्यानं कोड वाचायची सोय असेल तर कॉम्प्युटरच्या वेबकॅमकडून फार अपेक्षा ठेवू नका, जवळचं बारीक छापलेलं त्याला नीट दिसत नाही. काउंटरवरचा यूएसबी स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्डच वाटतो, म्हणून सर्च बॉक्समध्ये कर्सर ठेवून स्कॅन केलं की आकडे तिथे उमटतात, ब्राउझरमध्येही आणि इम्युलेटरमध्येही. मात्र १ ऑगस्ट २०२३ पासून ज्या ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा झाला, त्यातला क्यूआर जुन्या लेझर स्कॅनरला वाचता येत नाही. नवीन मागवणार असाल तर इंडेंटमध्ये (मागणीपत्रात) '२डी इमेजर' असं स्पष्ट लिहा.