सीडीचं स्टँडर्ड आयएसओकडून विकत घ्यायचं का?

खानापूरच्या वाचनालयातल्या जुन्या सीडी वाचायला प्रोग्राम लिहिताय आणि त्यासाठी आयएसओ ९६६०, म्हणजे सीडीवर फाइली आणि त्यांची नावं कशी मांडायची त्याचं स्टँडर्ड, विकत घ्यावं का, असं विचारलंय.

घेऊ नका. तेच एक्मा या दुसऱ्या स्टँडर्ड काढणाऱ्या संस्थेच्या साइटवर ११९ नंबरखाली फुकट पडलंय. डिसेंबर १९८७ची दुसरी आवृत्ती आणि आयएसओ ९६६०:१९८८ तांत्रिकदृष्ट्या एकच. बेळगाव म्हणा नाहीतर बेळगावी, बस त्याच स्टँडवर थांबते. सीडी-रॉमच्या सेक्टरची (डेटाच्या एकेका तुकड्याची) रचना एक्मा-१३०मध्ये, डीव्हीडीची तबकडी २६७मध्ये, तीही फुकट. "फुकटचं म्हणजे कच्चा मसुदा" म्हणणारे आमच्यातही आहेत. स्विस फ्रँक मोजून आणलेली पीडीएफ याच्याशेजारी ठेवा म्हटलं की विषय बदलतात.

त्यांच्यासाठीच शहापूरच्या एका भजनी मंडळाची सीडी सांगतो. नावं देवनागरीत, पण उघडल्यावर नुसत्या अंडरस्कोरच्या रांगा. मूळ ९६६०मध्ये नावाला मोठी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच चालतं, म्हणून सीडी लिहिणाऱ्या प्रोग्रामनं तिथं अंडरस्कोर भरलेले. देवनागरी नावं जोलिएटच्या, म्हणजे इतर लिप्यांतल्या नावांसाठी ९६६०ला दिलेल्या जोडीच्या, वेगळ्या डिरेक्टरी-ट्रीत. तिचा पत्ता सहसा १७व्या सेक्टरला, आणि आतल्या कडेचा चरा नेमका तिथंच. मूळ ९६६०च्या नावांचा पत्ता असलेला १६वा शाबूत, त्यामुळे सीडी "चालू" दिसायची!

वाट निघाली फुकटच्या कागदातूनच. डिरेक्टरीची पहिली नोंद स्वतःचाच पत्ता सांगते. डीडीरेस्क्यू या खराब तबकडीवरचा डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रामनं २०४८ बाइटच्या ब्लॉकनं इमेज (सीडीची हुबेहूब नक्कल) काढा. मग ज्या सेक्टरचा पहिला बाइट ३४ आणि ऑफसेट २पासूनच्या चार बाइटांत त्याच सेक्टरचा नंबर, ते सगळे वेगळे काढा. नंबर दोनदा असतो, आधी लिटल एंडियन (लहान किमतीचा बाइट आधी), मग बिग एंडियन (मोठ्या किमतीचा आधी). दोन्ही जुळत नसतील तर सोडून द्या, ती डिरेक्टरी नव्हे. जोलिएटची नावं दोन-दोन बाइटांत, बिग एंडियन. नावाची मर्यादा ६४ अक्षरांची, तीही काना, मात्रा, हलंत सुटे मोजून. नुसता "ज्ञानेश्वर" १० जागा खातो. लांब नावं शेवटी तुटलेली दिसली तर चऱ्याला दोष देऊ नका.

हां, जोलिएट ११९च्या त्या १९८७च्या आवृत्तीत नाही, २०१९च्या चौथ्या आवृत्तीत परिशिष्ट म्हणून आलाय. मुळात तो मायक्रोसॉफ्टचा वेगळा कागद, पण फुकटच. ऑडिओ सीडीचं स्टँडर्ड, आयईसी ६०९०८, मात्र विकत. डीव्हीडी-व्हिडिओच्या मेनूबिनूचं पुस्तक तर बरीच वर्षं गुप्ततेच्या करारावर सही केल्याशिवाय मिळत नसे. आणि एखाद्या टेंडरात आयएसओचीच प्रत जोडा म्हटलं असेल तर घ्या बापडे, बिलासकट फाइलला लावा. प्रोग्राम लिहिताना ११९च उघडा.