व्हॅनमध्ये गिझर? आधी धुराडं बघ

टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर, म्हणजे राहायची गाडी केलीस, झकास. पण बाथरूमचा तो गॅस गिझर आत टांगतोयस, ते काही पटलं नाही. धुराडं नसलेला गिझर आतलाच ऑक्सिजन खातो आणि धूरही आतच सोडतो. महाबळेश्वरच्या थंडीत तू काचा घट्ट लावणार, हे पक्कं ठाऊक आहे (मीही लावल्यात). ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि आपल्याला वाटतं घाटात गाडी लागली.

एकदा कासच्या वाटेवर माझ्या गिझरची निळी ज्योत पिवळी पडली, वर काजळी धरली. त्याच दिवशी उतरवला. आता अंघोळीचं पाणी बाहेर, गाडीच्या आडोशाला शेगडीवर तापवतो.

गिझर आतच पाहिजे असेल तर हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेर टाकणारा बंदिस्त गिझर घे. महाग पडेल, पडू दे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ईएन ५०२९१-२ या युरोपीय मानकाचा बघ, तो गाड्यांसाठीच असतो. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक ठेव, आणि ते चिखलानं बुजत नाही ना, हे अधूनमधून वाकून बघ.